प्रार्थना कोणाबरोबर करायची?

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मार्टिन ल्यूथर येतो आणि दोन परिच्छेदांत निघून जातो. १५१७ साल, विटेनबर्ग, ९५ प्रमेये, पोपशी वाद, प्रॉटेस्टंट पंथाचा उदय. की लागला पुढचा धडा. ख्रिस्ती समाजाशी चांगला परिचय असलेल्या मराठी वाचकालाही ल्यूथरन मंडळ्यांची ओळख फारशी नसते. त्याला कारण आहे. महाराष्ट्रात काम केले ते अमेरिकन मराठी मिशनने, स्कॉटिश मिशनने, अँग्लिकनांनी. अहमदनगर, पुणे, जालना यांच्या ख्रिस्ती इतिहासात ल्यूथरचे अनुयायी क्वचितच भेटतात.

हे पुस्तक त्या अनुयायांपैकी एका लहान, हट्टी आणि कमालीच्या वाचनवेड्या कुळाविषयी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि नॉर्वेतून अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात जाऊन वसलेल्या या लोकांनी आपल्या धर्मसभा स्थापन केल्या. त्यांना ते सिनड म्हणतात. त्यांतली सर्वांत मोठी मिसूरी सिनड. सभासद सतरा-अठरा लाखांच्या घरात. दुसरी विस्कॉन्सिन सिनड, साडेतीन लाखांच्या आसपास. तिसरी इव्हँजेलिकल ल्यूथरन सिनड, मूळची नॉर्वेजियन, वीस हजारांच्या आतली. चौथी चर्च ऑफ द ल्यूथरन कन्फेशन, अवघ्या काही हजारांची. आणखीही आहेत, काही तर आपल्याकडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेएवढ्या. अमेरिकेतली सर्वांत मोठी ल्यूथरन संघटना मात्र या पुस्तकात जवळजवळ नाही, कारण ती उदारमतवादी आहे, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते आणि इतर प्रॉटेस्टंट पंथांशी तिचे सख्य आहे. आपला विषय तिच्या उजवीकडे उभ्या असलेल्यांचा.

बाहेरून पाहणाऱ्याला या चौघींत फरक सापडणार नाही. पवित्र शास्त्र निर्दोष आहे हे चौघी मानतात. १५३० चा ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार आणि तो ज्यात समाविष्ट आहे तो १५८० चा ‘बुक ऑफ कॉन्कॉर्ड’ चौघींना प्रमाण. पाळक होणारा तरुण शपथ घेतो ती अशी की, हे लेख शास्त्राशी जुळतात म्हणून मी ते मानतो. जितके जुळतील तितके मानीन, ही पळवाट चौघींनी बंद करून टाकली आहे. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा द्यावा, प्रभुभोजनातल्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर असते, माणूस केवळ कृपेने व विश्वासाने नीतिमान ठरतो, पाळक पुरुषच असावा, जग सहा दिवसांत निर्माण झाले: यादी लांबवता येईल आणि प्रत्येक ओळीवर चौघींच्या सह्या मिळतील. तरीही मिसूरीचा पाळक विस्कॉन्सिनच्या पुलपिटावर चढू शकत नाही. विस्कॉन्सिनची बाई आपल्या मिसूरीतल्या बहिणीच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेत नाही. आणि दोन्हीकडचे विद्वान एका टेबलाशी बसून दिवसभर चर्चा करू शकतात, पण तिची सुरुवात एकत्र प्रार्थनेने करावी का, यावर ती चर्चा अडू शकते.

आपल्या पंचांगात काही वेळा एकादशी दोन दिवस छापलेली असते, एक स्मार्त आणि दुसरी भागवत. देव तोच, उपास तोच. वाद दशमीच्या वेधाचा. पण म्हणून स्मार्ताने भागवताच्या पंक्तीला बसू नये असे कोणी म्हणत नाही. या ल्यूथरनांत मोडते ती नेमकी पंगत. मग वेध किती पळांचा होता, याला नंतर फारसे महत्त्व उरत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या सभा ज्या गोष्टींवरून फुटल्या असे सांगितले जाते, त्या बहुतेक गोष्टी वरवरच्या आहेत: बालवीर चळवळ, सैन्यातले पाळक, स्त्रियांचे मत. खालचा प्रश्न एकच. ज्याच्याशी आपले पूर्ण एकमत नाही, त्याच्याबरोबर देवापुढे उभे राहायचे की नाही? आणि नाही, तर त्याच्यापासून दूर केव्हा व्हायचे? मतभेद कसा वागवायचा याबद्दलचा हा मतभेद आहे. त्याला क्षुल्लक म्हणून हसणे सोपे आहे. तो कुठून आला हे कळले की हसू आवरते.

तो आला एका राजाच्या सदिच्छेतून. प्रशियाचा तिसरा फ्रेडरिक विल्यम हा रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतला. त्याची राणी लुईझ ल्यूथरन. नवराबायकोला एका वेदीपाशी प्रभुभोजन घेता येत नव्हते, हे शल्य त्याला होते. राणी १८१० मध्ये वारली. १८१७ मध्ये धर्मसुधारणेची त्रिशताब्दी आली, तेव्हा राजाने जाहीर केले की आपल्या राज्यातल्या ल्यूथरन व रिफॉर्म्ड मंडळ्यांनी आता एक व्हावे. पुढे १८२२ मध्ये त्याने उपासनेची नवी पोथी काढली. तिच्यात भाकर देतानाचे शब्द असे बसवले होते की पाळकाने आपल्या तोंडून ‘हे ख्रिस्ताचे शरीर आहे’ असे न म्हणता, ख्रिस्ताने तसे म्हटल्याचे सांगावे. ल्यूथरनाने त्यात ल्यूथरचा अर्थ घ्यावा, रिफॉर्म्डाने कॅल्व्हिनचा. सरकारी मसुदा म्हणून कौतुक करावे असे हे काम आहे. ब्रेस्लाऊच्या प्राध्यापक शायबेलसारख्यांना मात्र ती श्रद्धेची चोरी वाटली. देवाने जे स्पष्ट सांगितले ते मुद्दाम धूसर करायचे, आणि तेही राजाच्या हुकमाने? १८३० नंतर नकार देणाऱ्या पाळकांवर निलंबन, दंड, कैद अशी कारवाई सुरू झाली. १८३४ च्या नाताळच्या तोंडावर सायलेशियातल्या ह्योनिगर्न या गावी चर्चला वेढा घालून बसलेल्या गावकऱ्यांना हटवून सैनिकांनी दारे उघडली, ती ‘एकीची’ उपासना तिथे चालावी म्हणून.

नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी अनेक पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. मराठी ख्रिस्ती वाचकाच्या मनात चर्चच्या ऐक्याचे चित्र आहे ते हे: अनेक वर्षांच्या वाटाघाटी, ठराव, आणि शेवटी आनंदाचा सोहळा. जुन्या ल्यूथरनाच्या मनातले ऐक्याचे चित्र बंदूकधारी सैनिकांचे आहे. एवढे लक्षात ठेवले तर पुढची अनेक पाने वाचताना चिडचिड कमी होईल.

मिसूरी सिनडचे मूळ पुरुष प्रशियाचे नव्हते, सॅक्सनीचे होते. तिथे सक्तीचे ऐक्य नव्हते. बुद्धिवादी पाळकांचा सुळसुळाट होता आणि ड्रेस्डेनचा मार्टिन स्टेफान हा प्रभावी उपदेशक त्याविरुद्ध उभा होता. १८३८ च्या नोव्हेंबरात त्याच्यामागून साडेसहाशेवर माणसे पाच जहाजांतून अमेरिकेला निघाली. त्यांपैकी ‘अमालिया’ हे जहाज समुद्रातच नाहीसे झाले. वाटेत स्टेफानने स्वतःला बिशप म्हणवून घेतले, सर्वांचा सामाईक निधी त्याच्याच तंत्राने चालू लागला. मिसूरीत पोहोचून चार-पाच महिने होतात न होतात तोच स्त्रियांशी असलेले त्याचे संबंध उघडकीस आले. मे १८३९ च्या अखेरीस त्याला पदच्युत करून होडीत बसवून मिसिसिपीच्या पलीकडे, इलिनॉयच्या तीरावर सोडण्यात आले.

मागे उरले ते जंगलात पडलेले, पैसे संपलेले, तापाने फणफणलेले लोक. आणि त्यांच्यापुढे एक भयंकर प्रश्न. आपण अजून चर्च आहोत का? ज्याच्यासाठी मायदेश सोडला तोच भोंदू निघाला, मग आपले पाळक खरे पाळक आहेत का, त्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा आहे का? काही जण परत जाण्याची भाषा करू लागले. एप्रिल १८४१ मध्ये आल्टेनबर्ग या वसाहतीत यावर जाहीर वादविवाद झाला. एका बाजूला वकील आडोल्फ मारबाख, दुसऱ्या बाजूला तिशी न गाठलेला पाळक सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर. जिथे देवाचे वचन सांगितले जाते आणि संस्कार दिले जातात तिथे चर्च असते, बिशप असो वा नसो. भ्रमात पडलेल्या मंडळीतही खरे विश्वासणारे असतात. आणि चर्चचे सर्व अधिकार ख्रिस्ताने त्या साध्या विश्वासणाऱ्यांना दिले आहेत, असे वाल्थरने मांडले. लोकांनी ते उचलून धरले. सहा वर्षांनी, १८४७ मध्ये, शिकागोला मिसूरी सिनड स्थापन झाली आणि वाल्थर तिचा पहिला अध्यक्ष झाला.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण हा आहे. एका हुकूमशहा गुरूने फसवलेल्या माणसांनी चर्चची सत्ता सामान्य मंडळीच्या हाती दिली. आणि त्याच दमात हेही मान्य केले की आपल्या बाहेरही ख्रिस्ती आहेत. पंगत मोडणाऱ्या या लोकांना कोणी विचारले की, ‘पलीकडचे नरकात जातील असे तुम्हांला वाटते का?’ तर ते दचकून नाही म्हणतात. स्वर्गात भेट होईल याची त्यांना खात्री असते. अडचण पृथ्वीवरची आहे.

विस्कॉन्सिन सिनडची सुरुवात याच्या उलटी. १८५० मध्ये मिलवॉकीच्या परिसरात ती स्थापन झाली तेव्हा जर्मनीतल्या ऐक्यवादी मिशन संस्थांकडून पाळक आणि पैसा घेण्यात तिला काही वावगे वाटत नव्हते. मिसूरीवाले तिच्यावर टीका करीत. पुढे योहानेस बाडिंग यांच्या नेतृत्वाखाली ती हळूहळू कडक होत गेली, १८६८ मध्ये मिसूरीने तिला आपले म्हटले, आणि १८७२ मध्ये मिसूरी, विस्कॉन्सिन, ओहायो, नॉर्वेजियन आदी सभांनी मिळून सिनॉडिकल कॉन्फरन्स उभारली. नव्याने कडक झालेली माणसे पुढे जन्मजात कडक माणसांना मागे टाकतात, तसे झाले.

कॉन्फरन्सला दहा वर्षेही सुखाची गेली नाहीत. देवाने काही माणसांना तारणासाठी अनादिकाळी निवडले, ते काय पाहून? अमुक माणूस पुढे विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसले म्हणून, असे एक पक्ष म्हणे. वाल्थर म्हणे, माणसात पाहण्यासारखे काहीच नव्हते, निव्वळ कृपा. मग बाकीच्यांना का निवडले नाही? त्यावर वाल्थरचे उत्तर असे की, शास्त्र तिथे बोलत नाही, आपणही बोलू नये. प्रतिपक्षाने त्याला छुपा कॅल्व्हिनवादी ठरवले. १८८१ मध्ये ओहायो सिनड बाहेर पडली, १८८३ मध्ये नॉर्वेजियन. नॉर्वेजियन वस्त्यांत एकेका गावात दोन-दोन चर्चे उभी राहिली. पुढे १९१७ मध्ये बहुतेक नॉर्वेजियनांनी तडजोडीचे सूत्र काढून एकी केली. ती न पटलेली मूठभर माणसे १९१८ मध्ये आयोवातल्या लेक मिल्सजवळच्या लाइम क्रीक चर्चमध्ये जमली आणि त्यांनी आपली जुनी सभा नव्याने मांडली. आजची इव्हँजेलिकल ल्यूथरन सिनड ती हीच. दोन परस्परविरोधी भासणारी विधाने शास्त्रात असतील तर ती तशीच शेजारीशेजारी ठेवायची, तर्काने सांधायची नाहीत, ही या परंपरेची शिस्त मला फार आवडते. तीच शिस्त त्यांना माणसांच्या बाबतीत पाळता आली नाही.

आता मुख्य फुटीकडे. १९०३ पासून तीन-चार वर्षे वेगवेगळ्या ल्यूथरन सभांच्या खुल्या परिषदा भरल्या, आणि त्यांत सिनॉडिकल कॉन्फरन्सवाल्यांनी ओहायो व आयोवावाल्यांबरोबर एकत्र प्रार्थना करण्यास नकार दिला. मिसूरीही त्या नकारात होती. मग काळ बदलला. जर्मन भाषा सुटली, पोरे कॉलेजात गेली, पहिल्या महायुद्धात जर्मन नावाच्या माणसांना अमेरिकन असल्याचा पुरावा देत फिरावे लागले. १९३८ मध्ये मिसूरीने अमेरिकन ल्यूथरन चर्चशी, म्हणजे ज्यात जुनी ओहायो सिनड विलीन झाली होती त्या संघटनेशी, समेटाची पावले टाकली. १९४४ मध्ये मिसूरीच्या अधिवेशनाने प्रार्थनेचे दोन प्रकार केले: एक प्रसंगाने घडणारी एकत्र प्रार्थना, आणि दुसरी सहभागितेची खूण असलेली प्रार्थना. पहिली चालेल, दुसरी नको. त्याच वर्षी बालवीर पथकात मुले पाठवायची की नाही हे ज्या त्या मंडळीवर सोडले गेले. दुसऱ्या महायुद्धात मिसूरीचे पाळक सरकारी पगारावर सैन्यात गेले.

विस्कॉन्सिनला यातले प्रत्येक पाऊल बोचले. बालवीराच्या शपथेत देवाप्रती कर्तव्याची भाषा आहे. पण कोणता देव? ख्रिस्ताचे नाव न घेता मुलाला देवभक्त ठरवणे म्हणजे कर्माने तारण शिकवणे, असा त्यांचा आक्षेप. त्यांनी आपली स्वतंत्र ‘ल्यूथरन पायोनियर्स’ संघटना काढली, तंबू आणि गाठी शिकवणारीच, फक्त शपथेची ती अडचण नसलेली. सैन्यातल्या पाळकांबद्दल त्यांचे म्हणणे असे की, सुवार्ता सांगणाऱ्याला सरकारने पगार द्यायचा नसतो, आणि छावणीत त्याला सर्व पंथांची मिळून उपासना चालवावी लागते. म्हणून ते आपल्या सैनिकांसाठी आपल्याच खर्चाने बिनलष्करी पाळक नेमतात. या दुसऱ्या मुद्द्यात मला, एका धर्मनिरपेक्ष देशाच्या नागरिकाला, बरेच तथ्य दिसते.

पण खरी रेघ प्रार्थनेवर ओढली गेली. विस्कॉन्सिनचे मत असे की वेदी, पुलपीट, प्रार्थना, मिशन हे सहभागितेचे सुटे भाग नाहीत, एक अखंड वस्तू आहे. एकात भाग घेतला तर सर्वांत घेतला. मिसूरीचे मत असे की वेदी आणि पुलपीट यांवर कडक पहारा ठेवावा, प्रार्थनेबाबत प्रसंग पाहावा. विस्कॉन्सिन म्हणे, आम्ही तुमचीच जुनी भूमिका सांगतो आहोत, ती तुम्हीच आम्हांला शिकवलीत. कागदपत्रे चाळली तर या बोलण्यात तथ्य आहे. नव्याने मांडलेल्या आणि पुन्हा कॉन्फरन्समध्ये आलेल्या छोट्या नॉर्वेजियन सभेने १९५५ मध्ये मिसूरीशी संबंध तोडले, विस्कॉन्सिनने १९६१ मध्ये. १९६३ मध्ये दोघी कॉन्फरन्समधून बाहेर पडल्या, १९६७ मध्ये कॉन्फरन्स विसर्जित झाली. गंमत अशी की या सर्वांनी मिळून १९४१ मध्ये इंग्रजी गीतांचे एक पुस्तक काढले होते, आणि वेगळे झाल्यावरही कित्येक वर्षे सगळे त्याच पुस्तकातून गात राहिले.

इथे चौथी सभा जन्मते, आणि माझ्या मते या पुस्तकातले सर्वांत विलक्षण प्रकरण तिचे आहे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात सतराव्या वचनात पौल सांगतो की, शिकवणीविरुद्ध फुटी पाडणाऱ्यांवर नजर ठेवा आणि त्यांच्यापासून दूर व्हा. १९५५ मध्ये विस्कॉन्सिनच्या अधिवेशनाने मिसूरीला हे वचन लागू पडते असे मान्य केले, पण प्रत्यक्ष तोडण्याचा निर्णय पुढे ढकलला. अजून समजावून पाहू, म्हणून. काही पाळकांना हा ढळढळीत आज्ञाभंग वाटला. त्यांचे म्हणणे, फूट पाडणारा ओळखला की दूर व्हायचे, समजावण्याचा उपयोग होतो की नाही हे पाहत बसायला पौलाने सांगितलेले नाही. विस्कॉन्सिन म्हणे, समजावण्याने काही होणार नाही अशी खात्री पटेपर्यंत तो चुकलेला भाऊ असतो, मग शत्रू. १९६० मध्ये या मंडळींनी चर्च ऑफ द ल्यूथरन कन्फेशन उभारले. वर्षभरात विस्कॉन्सिननेही मिसूरीशी तोडले. म्हणजे ज्या कृतीच्या उशिरामुळे हे बाहेर पडले, ती कृती झाली. तरीही ते परतले नाहीत, कारण कृती योग्य झाली तरी तिच्यामागचे कारण चुकीचे सांगितले गेले होते. तेव्हापासून दोन्ही बाजू अनेकदा भेटल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संयुक्त निवेदनाचा मसुदाही झाला. पण जुन्या भूमिकेत चूक होती असे म्हणायचे की नाही, यावर गाडी अडली.

हे वाचून वाचक कपाळावर हात मारील. मीही मारला. पण मग असे वाटले, की संघटनेच्या सोयीसाठी आपण रोज किती निर्णय ‘पुढच्या बैठकीत’ ढकलतो, आणि ते ढकलणे हाच निर्णय असतो हे या काही हजार माणसांनी ओळखले होते. त्यांनी त्याची किंमत मोजली. पाळकांनी घरे सोडली, मंडळ्यांनी इमारती सोडल्या, विस्कॉन्सिनातल्या ओ क्लेअर गावी स्वतःचे छोटे कॉलेज आणि पाळकशाळा चालवली. त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. पौलाचे वचन मतभेद मोजण्याचे घड्याळ म्हणून लिहिलेले दिसत नाही. पण त्यांना वेडे ठरवायला माझी तयारी नाही.

सेवापदाबद्दलचा मतभेद मी एका प्रकरणात आटोपला आहे, कारण तो तज्ज्ञांचा आहे. मिसूरीच्या मते देवाने स्थापलेले पद एकच, स्थानिक मंडळीच्या पाळकाचे; सिनड ही माणसांनी केलेली सोय. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिन सिनडच्या वॉवाटोसा इथल्या पाळकशाळेतल्या केलर, पीपर, शालर या तिघांनी शास्त्र नव्याने वाचून ठरवले की देवाने सेवा स्थापली, तिचा आकार नव्हे. शाळेतला शिक्षकही सेवापदावर असतो आणि सिनडही खऱ्या अर्थाने चर्च असते. याच्या उलट, स्त्रियांच्या मताबाबत विस्कॉन्सिन अधिक ताठ. मिसूरीने १९६९ मध्ये मंडळीच्या सभेत स्त्रियांना मत देता येईल असे ठरवले, २००४ मध्ये पाळकेतर पदेही त्यांना मोकळी केली. विस्कॉन्सिनमध्ये मंडळीच्या सभेत मत आजही पुरुषांचेच. त्यांच्या लेखांत याचे जे समर्थन आहे ते मी जसेच्या तसे मांडले आहे. मला ते पटत नाही, आणि पटल्याचा आव आणलेला नाही.

मिसूरी सैल झाली असे समजणाऱ्याने १९७४ आठवावे. सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया पाळकशाळेत बायबलचे ऐतिहासिक-चिकित्सक वाचन शिकवले जाते या आरोपावरून अध्यक्ष जॉन टीटयेन यांना निलंबित केले गेले, आणि फेब्रुवारीत बहुसंख्य प्राध्यापक व विद्यार्थी शाळा सोडून चालते झाले. मोठ्या चर्चमध्ये रूढिवादी बाजू जिंकल्याचे विसाव्या शतकातले हे दुर्मीळ उदाहरण. तरीही प्रार्थनेचा जुना प्रश्न तिथे पुरला गेला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बारा दिवसांनी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सर्वधर्मीय प्रार्थना झाली. मिसूरीचे तिथले प्रादेशिक अध्यक्ष डेव्हिड बेंके यांनी मुस्लिम, ज्यू, हिंदू, शीख धर्मगुरूंच्या मेळाव्यात प्रार्थना केली. त्यांच्यावर धर्मसंकराचा आरोप आला, २००२ मध्ये निलंबन झाले, २००३ मध्ये ते मागे घेतले गेले. सर्वधर्मप्रार्थना जिथे सार्वजनिक शिष्टाचार आहे त्या देशातल्या वाचकाला हे निष्ठुर वाटेल. आरोप करणाऱ्यांचा मुद्दा तरी नीट ऐकावा: रांगेत उभे राहून प्रत्येकाने आपापल्या देवाला हाक मारली, की ऐकणाऱ्याला वाटते, सगळे एकच. ज्याला ते एकच वाटतात त्याने हे खुशाल करावे. ज्याला वाटत नाहीत त्याने का करावे?

सनातनीपणाचा आणखी एक साचा या पुस्तकात येतो तो नॉर्वेजियन धर्मजागृतीतून आलेल्या मंडळ्यांचा: १९०० चे चर्च ऑफ द ल्यूथरन ब्रेदरन, १९६२ ची स्वतंत्र ल्यूथरन मंडळ्यांची संघटना. त्यांचा भर पोथीपेक्षा पालटलेल्या अंतःकरणावर. दारू, नाच, पत्ते यांकडे ते जुन्या काळी संशयाने पाहत. मिसूरी-विस्कॉन्सिनचे जर्मन मात्र चर्चच्या सहलीला बिअरचे पिंप नेत आणि दारूबंदीला शास्त्राधार नाही म्हणून ठाम सांगत. जे देवाने मना केले नाही ते माणसाने मना करू नये, या नियमाचे ते पक्के होते. दुर्दैवाने तो नियम त्यांनी चुकीच्या जागीही लावला. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात गुलामगिरी ही स्वतःहून पाप नाही, असे वाल्थरने लिहिले, नॉर्वेजियन सभेच्या नेत्यांनी तसेच म्हटले, आणि ते न पटून सी. एल. क्लाउसेन हा पाळक १८६८ मध्ये सभेबाहेर पडला. व्याज घेणे पाप, हे मात्र त्याच वाल्थरने त्याच दशकात हिरिरीने सिद्ध केले. अक्षराशी इमान राखणारे वाचन कुठे आंधळे होते याचे उत्तर शोधणाऱ्याने हे प्रकरण आधी वाचावे.

एकी कधीच झाली नाही असे नाही. प्रशियातून पळालेल्या ल्यूथरनांचा एक जथा १८३८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरला, १८४६ मध्ये फुटला, आणि सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर वेगळे राहून १९६६ मध्ये सिद्धांताच्या कलमांवर चर्चा करून पुन्हा एक झाला. त्याच चर्चने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्त्रियांच्या पाळकपदाला मान्यता दिली, आणि तिथले सनातनी पुन्हा बाहेरच्या वाटेला लागले.

उरला आपल्या देशाचा धागा. लाइपझिग मिशनचे दोन तरुण मिशनरी, टेओडोर नेटर आणि फ्रान्झ मोन, तामिळ प्रदेशात काम करीत होते. बायबल संपूर्ण निर्दोष आहे की नाही, यावर त्यांचे आपल्या मिशनशी बिनसले आणि १८९३ मध्ये संबंध तुटला. मिसूरी सिनडने त्यांना आपले म्हणून पाठवले, आणि १८९५ मध्ये नेटरने कृष्णगिरीत काम सुरू केले. त्यातून आजचे इंडिया इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च उभे राहिले, मुख्यतः तामिळनाडू आणि केरळमध्ये. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले तेव्हा या मंडळ्या त्यात गेल्या नाहीत. १८१७ ची आठवण एवढ्या लांब पोहोचली होती. पुढे विस्कॉन्सिनशी जोडलेल्या मंडळ्या दक्षिणेत आल्या आणि चर्च ऑफ द ल्यूथरन कन्फेशनशी जोडलेल्याही, आंध्रात आणि तामिळनाडूत. शेवटचे प्रकरण या मंडळ्यांचे आहे. समजावणे कधी थांबवायचे, यावर मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या सभागृहांत १९५० च्या दशकात झालेला वाद या गावांतल्या शेतमजुरांच्या वाट्याला आयता आला आहे. तो त्यांचा आहे का, की त्यांच्या गावकुसाच्या आणि जातीच्या जुन्या रेघांवरच येऊन बसला आहे, हे त्या प्रकरणात मी तपासले आहे.